दोनशे मिलिलिटर मध

बाई, दोनशे मिलिलिटर मधाचं वजन दोनशे ग्रॅम भरत नाही. सोमाभाऊंनी आणलेला मध तुझ्या मापात भरला तर तो दोनशे शहात्तर ग्रॅम भरतो. दोनदा मोजून पाहिला आहे. बाजारातला दाट मध थोडा अधिक भरेल, दोनशे ऐंशीच्या आसपास. पावसाळ्यानंतरचा पातळ मध थोडा कमी. पण दोनशे कुठलाच मध भरत नाही. दोनशे भरतं ते पाणी.

हे मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. तू ऑक्टोबरात गेलीस. मधल्या आठ महिन्यांत आपण दर रविवारी फोनवर बोललो, दोनदा भेटलो, आणि हे मी तुला सांगितलं नाही.

आज बारावा दिवस. तुझ्या निधनाची बातमी आमच्या पेपरात छापून आली, चार ओळींची. वय, गाव, मागे कोण कोण आहे, त्यात बहीण म्हणून मी, सगळं बरोबर होतं. पान छपाईला जाण्याआधी मीच तपासलं. बावीस वर्षं चंद्रपुरात डेस्कवर बसून मी हेच करते आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, आकडा दिसला की थांबायचं, खात्री केल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. त्या चार ओळींत न बसलेलं इथे लिहिते आहे.

तुझं माप बांबूच्या एका पेराचं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी भाऊजींनी कापून दिलेलं, तळाशी गाठ, वरची कड घासून गुळगुळीत केलेली. मध मोजण्याआधी तू त्यात टोळीच्या तेलाचं बोट फिरवायचीस. मोहाच्या बियांचं ते तेल लावलं की मध आत चिकटत नाही, सगळा खाली उतरतो. माप भरायचीस, परातीवर उपडं धरायचीस आणि तसंच धरून बोलत राहायचीस. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या बांधीत यंदा लोंबी भरली नाही, असं काहीबाही. शेवटचा थेंब पडला की तुझं बोलणंही संपायचं. तुझ्यासारखं मोजणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि दर वेळी ते पाहताना मला घाई झालेली असायची.

मोहफुलं आणि तीळ भाजून, कुटून केलेली भुकटी दहा मापं, त्याला कोमट केलेला मध तीन मापं. तुझ्या लाडवांचं प्रमाण एवढंच होतं. नागभीडच्या बाजारात लोक नाव घेऊन मागायचे. बचत गटातल्या बायका म्हणायच्या, बाईचा लाडू पोत्यावरून पडला तरी फुटत नाही.

मग गटाला इलेक्ट्रॉनिक काटा मिळाला. चंद्रपूरच्या प्रदर्शनासाठी मोठी मागणी आली आणि डब्यावर छापायला प्रमाण ग्रॅममध्ये हवं, असा निरोप आला. तू मला फोन केलास. मी जानेवारीतल्या एका रविवारी आले.

भुकटी आपण काट्यावरच मोजली, ती बरोबर होती. मध त्या दिवशी घरात नव्हता. सोमाभाऊ मडावी वैनगंगेपलीकडून यायचे होते आणि त्यांचा निरोप दोन दिवसांनंतरचा होता. तू म्हणालीस, मध आला की मोजू, फोनवर सांगन तुले. माझी चारची गाडी होती. मी तुझं माप पाण्याने भरलं, पाणी माझ्या पर्समधल्या औषधाच्या मापट्याने मोजलं. बरोबर दोनशे मिलिलिटर निघालं. मी कागदावर लिहिलं: मध एक माप, दोनशे ग्रॅम.

तू चुलीपुढून मान वळवून पाहत होतीस.

“पाणी काऊन मोजून राह्यली वं? लाडवात पाणी टाकतो का आपण?”

मी समजावलं. भांडं तेच, म्हणजे आत मावणारी वस्तू तेवढीच. तुला ते पटलं नाही.

“मधाचा डबा उचलला तं खांदा भरून येते. पाण्याचा तेवढ्यानं नाई येत.”

एवढं स्पष्ट तू सांगितलं होतंस. यापुढे काही सांगायची गरजच नव्हती. मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. मी म्हटलं, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, हे शाळेत शिकवतात.

तू चौथीपर्यंत शिकलीस. पाचवीत मावशीच्या घरी धान कापायला गेलीस आणि परत शाळेत गेली नाहीस. हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक असताना मी ते वाक्य बोलले. तू चुलीकडे तोंड फिरवलंस. म्हणालीस, “तुले मालूम. तू पेपरवाली.”

त्यात टोमणा होता की मान होता, हे मी तेव्हा ऐकलं नाही. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होते. ऑफिसात तो टाइप केला, मोठ्या अक्षरांत, वर प्लास्टिक चढवलं आणि एसटीच्या चालकाच्या हाती पाठवून दिला.

लाडू वळले त्या दिवशी मी नव्हते. पुढचं मला मंदाने सांगितलं. मंदा तुझी धाकटी जाऊ. एकाच अंगणात दोन चुली, दिवसभर एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या आणि संध्याकाळी भाजीची अदलाबदल, असं तुमचं पंचवीस वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी शंभर मापं भुकटी होती. त्याला मध तीस मापं हवा होता, म्हणजे आठ किलोच्या वर. माझ्या कागदाप्रमाणे सहा किलो होत होता. काट्यावर तू स्वतः बसलीस. सहा किलो मोजलास, ओतलास, नऊ जणी वळायला बसल्या. पहिला घाणा हातात घेताच मंदा म्हणाली, बाई, हे कोरडं लागून राह्यलं, दोन मापं टाक अजून. तू म्हणालीस, कागदावर आहे तेवढंच. मंदा म्हणाली, तुहा हात काय म्हणते ते सांग. तू म्हणालीस, माह्या बहिणीनं लिवलं हाये.

“मंग बहिणीलेच बलाव वळाले,” मंदा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तूही हसलीस, असं मंदा सांगते. मग तू त्यांना दाबून वळायला सांगितलंस. मुठीत जोर देऊन देऊन तुम्ही ते लाडू उभे केले. दोघीतिघींना रानाच्या कडेच्या पांदीने घरी जायचं होतं आणि त्या आठवड्यात तिकडे वाघ फिरत होता, म्हणून दिवस मावळायच्या आत डबे भरून झाले.

चंद्रपुरात तुमच्या स्टॉलवर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. पहिला डबा उघडला तेव्हा तुला वाटलं, तो गाडीत आपटला असेल. दुसरा उघडलास. चौथ्यानंतर तू थांबलीस. सगळ्या डब्यांत भुगा होता, अधूनमधून अर्धा लाडू. एका गृहस्थाने अगदी गंभीरपणे विचारलं, हे चूर्ण दिवसातून किती वेळा घ्यायचं. मंदाला हसू आवरेना. तू हसली नाहीस. दुपारी प्रदर्शनाचा एक माणूस येऊन सांगून गेला की असा माल मांडता येणार नाही, टेबल दुसऱ्या गटाला देतो.

डबे पोत्यात भरताना तू बायकांना म्हणालीस, “माहाच हात चुकला. काट्यावर मीच बसली होती.” मी तुझ्या शेजारी उभी होते. मी म्हटलं, रस्ता खराब आहे.

चार दिवसांनी रविवारच्या पुरवणीसाठी शिऱ्याची एक पाककृती तपासायला आली. तिच्यात लिहिलं होतं, मध पाव कप किंवा पंच्याऐंशी ग्रॅम. पाव कप म्हणजे साठ मिलिलिटर. मला वाटलं, लिहिणारीने गोंधळ घातला आहे, साठ ग्रॅम करायला हवं. पेन टेकवलं होतं. पण खात्री केल्याशिवाय आकडा बदलायचा नाही ही सवय, म्हणून घरी जाऊन तू दिलेली बाटली काढली आणि भाजीच्या छोट्या काट्यावर साठ मिलिलिटर मध ठेवला. त्र्याऐंशी ग्रॅम भरला. मी दोनशेचा हिशेब केला. दोनशे शहात्तरच्या वर आले.

कोण कुठली वाचक, तिचा शिरा बिघडू नये म्हणून मी मध मोजला. तुझ्या शंभर मापांसाठी मोजला नव्हता.

पुरवणी बरोबर छापली गेली.

तुला लगेच फोन करणार होते. मग ठरवलं, हे फोनवर नको, येऊन समोर सांगू. त्या रविवारी पेपरचं पान ऐनवेळी बदललं आणि येणं झालं नाही. पुढच्या रविवारी तू फोनवर आनंदात होतीस, नातवाने पहिलं पाऊल टाकलं होतं. त्यानंतर सांगणं अवघड होत गेलं, कारण आता चूक सांगायची तर आधी का सांगितली नाही हेही सांगावं लागलं असतं. प्रत्येक आठवड्याने त्या दुसऱ्या प्रश्नाचं वजन वाढत गेलं. याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही. मी शोधलं आहे.

तुला आमच्या पेपरातला कुठला मजकूर आवडायचा, बाई? अग्रलेख तू वाचत नव्हतीस. आतल्या पानावर कोपऱ्यात दुरुस्तीची लहानशी चौकट येते, काल अमुक छापलं गेलं, ते तमुक वाचावं. ती चौकट तू मोठ्याने वाचून दाखवायचीस आणि मला फोनवर विचारायचीस, आज कोणाचं चुकलं वं? मी एकदा म्हटलं, यात काय एवढं. तू म्हणालीस, गावात कोणी आपण चुकलो म्हणत नाई, तुमी रोज छापता. माझ्या नोकरीबद्दल इतकं चांगलं मला कोणी कधी बोललं नव्हतं. मी त्याबद्दलही तुला काही म्हटलं नाही.

जुलैत मी आले तेव्हा तू भाजीत मीठ टाकलंस आणि सुनेला हाक मारलीस. पाह्य वं, बरोबर हाये का. तिने चव घेतली, हो म्हणाली. तू पुन्हा चव घेतलीस. लग्नघरी दीडशे पानांचं वरण तू तळहातावरच्या मिठाने करायचीस, मी ते पाहिलं आहे. सून म्हणाली, आता रोज असंच करतात. तांदूळसुद्धा काट्यावर मोजतात.

तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, “हात राह्यला नाई आता. वयाचं हाये.”

तू छप्पन्न वर्षांची होतीस. त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हटलं, डोळे तपासून घे, काट्यावरचे आकडे नीट दिसत नसतील. दुसऱ्या दिवशी मीच तुला ब्रह्मपुरीला नेलं. नंबर नावापुरता वाढला होता. तू नवा चष्मा लावून दुकानाच्या आरशात पाहिलंस आणि म्हणालीस, “आता काटा बरोबर दिसन.” आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलास.

तो हात मी गेले बारा दिवस पाठीवर घेऊन फिरते आहे. याच्याहून नेमकं मला लिहिता येत नाही.

तुला माहीत होतं का? हा प्रश्न मी रोज मांडते. मधाचा डबा खांदा भरून आणतो, हे सांगणारी तू. लाडू कोरडा आहे हे मंदाच्या आधी तुझ्या मुठीला कळलं असेल. मग चूक कागदाची आहे हे तुला कळलं नसेल? कळलं असेल आणि तू मला सांभाळून घेतलं असशील, तर ते मला सोसत नाही. कळलं नसेल आणि तू खरोखरच आठ महिने आपल्या हाताला दोष देत राहिली असशील, तर ते त्याहून सोसत नाही. सुनेला मीठ चाखायला लावणं हे मला वाचवण्यासाठीचं सोंग नव्हतं. म्हणजे तुला माहीत नव्हतं. इथवर मी येते आणि परत पहिल्यापासून सुरू करते.

शेवटच्या रविवारी तू सांगितलंस, सोमाभाऊ येऊन गेले, मध ठेवला आहे. मग विचारलंस, दिवाळीचे थोडेसे लाडू करून पाहू का? घरापुरते. तू मला परवानगी मागत होतीस. मी म्हटलं, कशाला दगदग करतेस, पाहू पुढे. तू म्हणालीस, बरं.

बुधवारी सकाळी भाऊजींचा फोन आला.

दहाव्याच्या दिवशी मी गावी होते. विधी आटोपून पुरुष नदीवरून परतले, जेवणं झाली, गटातल्या बायका अंगणात टेकल्या. बोलता बोलता एक जण म्हणाली, तेरवीच्या पानावर बाईचे लाडू वाढायला हवेत. मंदा ताडकन म्हणाली, ते नाव काढू नका. त्या लाडवानंच खचली ती. हात गेला म्हणून मन गेलं तिचं.

मी म्हटलं, तिचा हात गेला नव्हता. चूक माझ्या कागदात होती.

मंदाला ते कळलं नाही. मी पाणी आणि मध, मिलिलिटर आणि ग्रॅम असं समजावू लागले. तिने मला थांबवलं, उठून आत गेली आणि काटा, तुझं माप, सोमाभाऊंच्या मधाचा डबा अंगणात आणून ठेवला. सुतकात गोडाचं करत नाहीत, मोजायला काही हरकत नाही, असं स्वतःशीच बोलत तिने मापात तेलाचं बोट फिरवलं. काट्यावर वाटी ठेवून शून्य केलं. माप भरलं आणि वाटीवर उपडं धरलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवलं.

आकडा तिने स्वतः वाचला. दोन, सात, सहा. तिने वाटी रिकामी करून परत मोजलं. मग आत जाऊन माझा प्लास्टिकचा कागद आणला, दोनशेवर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“हे तुले कधी कळलं?”

मी सांगितलं, फेब्रुवारीत.

मला वाटलं ती ओरडेल. तिचा आवाज उलट खाली गेला. ती म्हणाली, “रोज विचारे मले ते. मंदा, खरंच माहा हात गेला का वं? आन मी हो म्हणो. भांडणात म्हणो, हासून म्हणो, पन हो म्हणो. मले काय मालूम होतं? तुले तं मालूम होतं.”

मी म्हटलं, हो.

“मंग मले कायले सांगून राह्यली? आत हाये बाई. तिले सांग.”

आतल्या खोलीत तुझा फोटो आहे, नव्या चष्म्यातला. ब्रह्मपुरीला त्याच दिवशी काढलेला. समोर दिवा होता. मी पुढे बसले. मंदा दारात उभी राहिली, बाकीच्या तिच्या मागे. मी बोलायला सुरुवात केली. म्हटलं की जानेवारीत मी जो कागद तयार केला त्यात मधाचं वजन चुकीचं होतं, एक माप मध दोनशे शहात्तर ग्रॅम भरतो, त्यामुळे त्या घाण्यात मध सव्वादोन किलोहून अधिक कमी पडला आणि म्हणून लाडू फुटले.

“तशी नोको बोलू,” मंदा मागून म्हणाली. “बहिणीशी बोलते तशी बोल.”

चंद्रपुरात राहून माझी बोली गेली आहे. तू फोनवर तुझ्या बोलीत बोलायचीस आणि मी पुस्तकी भाषेत उत्तर द्यायचे. मला शब्द सापडेनात. कोणीतरी दिव्यात तेल घातलं. मग मी म्हटलं, “बाई, तुहा हात नाई चुकला. मी चुकली.”

खोलीत काहीच बदललं नाही. तू चष्म्यातून तशीच पाहत होतीस.

मी परत तेच म्हटलं. मग परत. किती वेळा ते मी मोजलं नाही. मंदाने मला थांबवलं नाही.